हातात एकच दिवस आणि गाडी नाही: कालसॉय की मिकिनेस?

फेरो आयलंड्सला, म्हणजे उत्तर अटलांटिकमधल्या बेटांना, चार-पाच दिवस जाणारे बरेच जण शेवटी इथेच अडकतात. मुक्काम राजधानी टोर्शावनला, गाडी भाड्याने घेतलेली नाही आणि बस-बोटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं एकच बेट निवडायचंय. मी दोन्ही केलीत, पैकी मिकिनेस दुसऱ्या खेपेला जमलं. ते आधी सांगते, कारण सगळा निर्णय त्यावरच आहे.

मिकिनेसला (तिथले लोक मीचिनेस म्हणतात) जायचं तर ३०० नंबरच्या बसने सॉर्वागूर, साधारण तास लागतो, आणि तिथून पाऊण तास बोट. पहिल्या वेळी मी धक्क्यावर पोचले तेव्हा स्वच्छ ऊन होतं, बंदरातलं पाणी अगदी शांत, आणि बोट रद्द! मला कळेचना. मग तिथल्या एका आजोबांनी समजावलं की इथलं पाणी बघून उपयोग नाही, पलीकडे बोट लागते ती कड्यामधल्या अरुंद घळीत, तिथे समुद्राच्या मोठ्या लाटा आत शिरल्या की बोट पायऱ्यांना टेकवताच येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद असते ते आपण धरूनच चालतो, इथे तसं ऐन जुलैत होतं. उलटंही होतं, म्हणजे तुम्ही पोचता पण परतीची बोट येत नाही आणि रात्र बेटावरच काढावी लागते. हेलिकॉप्टर आहे आणि स्वस्तही आहे, पण ते मुळात गावकऱ्यांच्या सोयीसाठी, पर्यटकाला त्याच दिवशी जाऊन-येऊन मिळत नाही.

पण जमलं तर मिकिनेससारखं काही नाही हो. जातानाच टिंडहोल्मूर बेटाचे सुळके बाजूने जातात, वर गवताच्या छपरांची घरं, रस्ता नाही, गाडी नाही, आणि पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) इतक्या जवळून की चोचीत आडवे धरलेले मासे मोजता येतात. ऑगस्ट संपत आला की ते समुद्रावर निघून जातात, मग मिकिनेसचा अट्टहास सोडा. शेजारच्या छोट्या बेटाला जोडणाऱ्या पुलापलीकडच्या १९०९ च्या दीपगृहापर्यंतची वाट कधीकधी बंद ठेवतात, बोटीचं तिकीट काढायच्या आधी ते बघून घ्या, चालायची फी वेगळी पडते.

कालसॉयचं गणित सरळ आहे. ४०० नंबरची बस टोर्शावनहून क्लाक्सविकला, सुमारे दीड तास, शेवटी शेवटी समुद्राखालचा २००६ चा ६ किलोमीटरहून लांब बोगदा, मग वीस मिनिटं बोट, आणि पलीकडे ५०६ नंबरची छोटी बस. बोट लहान आहे, गाडीवाले सीझनला रांगेत ताटकळतात, पायी जाणारा आरामात चढतो, म्हणजे गाडी नसणं इथे चक्क फायद्याचं! शेवटच्या गावाला, ट्रोलानेसला, उतरून काल्लूरच्या दीपगृहापर्यंत तासाभराची चढण, गवत निसरडं आणि टोकाला दोन्हीकडे कडा, धुकं असेल तर खरंच पुढे जाऊ नका.

मला मात्र कालसॉयमध्ये मिकलादालूर हे गाव जास्त आवडलं. तिथे खाली लाटांजवळ सीलबाईचा पुतळा आहे, २०१४ मध्ये बसवलेला. गोष्ट अशी की सील वर्षातून एका रात्री कातडं उतरवून माणसं होऊन नाचतात, गावातल्या एका तरुणाने अशाच एका सीलबाईचं कातडं पेटीत कुलपात ठेवलं आणि तिच्याशी लग्न केलं, मुलं झाली, आणि एक दिवस तो किल्ली घरी विसरून मासेमारीला गेला, तेव्हा ती कातडं घेऊन समुद्रात परत गेली. पुतळ्याच्या हातात ते कातडं लोंबतंय. मी तिथे अर्धा तास नुसती उभी होते.

पफिन मिकिनेसइतके नाहीत, आणि जेवायला मिळेल असं धरून जाऊ नका, मी पोळीचे रोल नेले होते.

तर परतीचं विमान दुसऱ्या दिवशी असेल, सोबत आई-बाबा किंवा लहान मूल असेल, तर कालसॉय, डोळे झाकून. आई-बाबांनी काल्लूर सोडून मिकलादालूरलाच थांबावं. जून-जुलै आहे आणि हाताशी एखादा जास्तीचा मोकळा दिवस आहे, तर मिकिनेस ट्रिपच्या सुरुवातीला बुक करा, म्हणजे रद्द झालं तरी नंतरच्या दिवशी प्रयत्न करता येतो.

आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनो, फेरो डेन्मार्कच्या राज्यात असलं तरी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, त्यामुळे साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, त्यावर फेरोसाठी वैध असं लिहून यावं लागतं. अर्ज करतानाच मागून घ्या.