गाडी तापली, म्हणून थेट इंजिनच बदलायला लावलं

माझ्या थोरल्या भावाला जुन्या गाडीचं इंजिन बदलायला लावून ४५ हजारांना लुटलं. जुनी गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

गाडी २००९ ची वॅगनआर. पुण्याहून साताऱ्याला जाताना हायवेवर तापमानाचा काटा मध्यावर होता. खंबाटकी घाटात वाहनांची रांग लागली आणि काटा झपाट्याने चढला. दादाने लगेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. मग टोचन करून ती जवळच्या गॅरेजात नेली.

दुसऱ्या दिवशी तिथून फोन आला. “साहेब, हेड क्रॅक आहे, ब्लॉकही गेलाय. रिपेअरमध्ये पैसे घालवू नका, सेकंडहँड इंजिन टाकून देतो.” हेड म्हणजे इंजिनाचा वरचा, झाकणासारखा भाग आणि ब्लॉक म्हणजे त्याखालचा मुख्य सांगाडा. पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर तडा गेलेल्या हेडचा फोटो पाठवला. पंधरा वर्षांची होत आलेली गाडी, त्यामुळे ते खरं वाटणारच. जुनं इंजिन त्यांनी ठेवून घेतलं आणि बिल साध्या कागदावर दिलं.

थोड्याच दिवसांत कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये गाडी पुन्हा तापली. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून सगळ्यात आधी एसी लावायला सांगितला. एसी लावला की रेडिएटरचा फॅन फिरायला हवा, पण तो फिरलाच नाही! फॅनच्या मोटरला आत वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजून गेले होते. वेगात असताना समोरच्या वाऱ्याने रेडिएटर थंड राहतो, पण घाटात आणि गर्दीत सगळी भिस्त त्या फॅनवर. मूळ दोष हा होता आणि गॅरेजवाल्याने त्याला हातही लावला नव्हता.

मग मिस्त्रींनी तो फोटो पाहिला. त्या हेडवर तीनच सिलिंडरच्या जागा होत्या. दादाच्या गाडीचं ११०० सीसीचं इंजिन चार सिलिंडरचं. म्हणजे ते हेड दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं! इतका निर्लज्जपणा पाहून माझा संताप अनावर झाला.

हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) खरंच उडालं असेल तर खुणा दिसतात. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) बाहेर गळत नसतानाही कमी होतो, इंजिन चालू असताना कूलंटमध्ये बुडबुडे येतात. कॉम्प्रेशन टेस्टचे (सिलिंडरमधला दाब मोजण्याच्या चाचणीचे) आकडे समोर उभं राहून घ्या. हेड वाकलं असलं, तरी बऱ्याचदा फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून) आणि नवीन गॅसकेट टाकून काम भागतं. दादाच्या गाडीचं ऑइल स्वच्छ होतं, धूरही नव्हता. इंजिन खोलण्याआधी आपल्याला बोलवायला सांगा आणि काढलेला प्रत्येक पार्ट ताब्यात घ्या.

याहून गंभीर गोष्ट पुढे निघाली. बसवलेल्या इंजिनावरचा नंबर घासलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बदललेल्या इंजिनाची नोंद आरटीओत करावी लागते, आणि पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना हा नंबर तपासतात. इंजिन चोरीच्या गाडीचं असेल तर जाब दादाला द्यावा लागेल. म्हणून सेकंडहँड इंजिन घ्यायचंच असेल तर ज्या गाडीतून ते काढलं तिची कागदपत्रं आणि इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं जीएसटी बिल मागा. मिळत नसेल तर ते इंजिन घेऊ नका.

आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. दादाने व्हॉट्सॲपवरचा तो फोटो आणि यूपीआयच्या पावत्या जपून ठेवल्यात, आमची भिस्त आता त्यांच्यावरच आहे.