खारट मातीतलं मॉस आणि गळ्यातलं भिंग: दोन वसंतांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. भिंग घ्या, पण त्यातल्या 10 पटीच्या काचेसाठी. पलीकडच्या बाजूची 20 पटीची काच वरकड मिळाली असं समजा. माझ्याकडून 5 पैकी 4.

हे घडीचं, दुतोंडी भिंग गळ्यात अडकवून मी दोन वसंत उत्तर समुद्राच्या काठच्या खारट कुरणांमध्ये फिरले. भरतीचं पाणी मोठ्या उधाणालाच जिथवर पोचतं, तिथे गुरांच्या खुरांनी उघड्या पडलेल्या मातीवर हेनेडिएला हायमी ही मॉसची जात वाढते. उंची जेमतेम 1 सेंटिमीटर. उभ्याने पाहिलं तर नुसता हिरवट डाग, म्हणून सरळ पोटावर पडायचं. 10 पटीची काच पानापासून अडीच सेंटिमीटरवर धरता येते, त्यामुळे उजेड अडत नाही, आणि मग ती खूण दिसते जिच्यासाठी मी एवढा चिखल तुडवला. बहुतेक मॉसच्या बोंडाचं, म्हणजे बीजाणूंच्या डबीचं, झाकण पिकलं की गळून पडतं. हिचं झाकण मधल्या दांडीला चिकटून वर उचललेलं राहतं, बोंडाच्या तोंडावर कुणी छत्री धरावी तसं. तोंडाशी दातांची झालरही नसते. पहिल्यांदा ते स्वच्छ दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ उठलेच नाही.

20 पटीला काच पानाच्या सव्वा सेंटिमीटर जवळ न्यावी लागते. आपल्याच डोक्याची सावली पडते. म्हणून कडेला दिवा दिलाय, पण त्याचा निळसर उजेड पानाची फिकट कड पार पुसून टाकतो, आणि ओळख पटवायला तीच तर हवी असते. दिवा बंदच ठेवते.

एकदा मात्र याच काचेने मला मोठ्या चुकीतून वाचवलं. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी पानांच्या टोकांवर पांढरं काही चमकत होतं. टेरिगोन्यूरम या दुसऱ्या एका मॉसच्या काही जातींच्या पानांना टोकाशी पांढरा केस असतो, तोच असेल म्हणून वहीत लिहूनही टाकलं. भिंगातून पाहिलं तर चौकोनी कण. पाण्याचा एक थेंब सोडला, विरघळले. मीठ होतं ते!

ही चूक वहीत राहिली असती तर कोणती जात कुठे सापडते त्या नकाशावर एक खोटा ठिपका पडला असता, आणि इथे ठिपके मुळातच थोडे आहेत. मॉसला खरी मुळं नसतात, पान बहुधा एका पेशीच्या जाडीचं. पाणी अंगभर शोषलं जातं आणि त्याबरोबर मीठही थेट आत येतं. खाऱ्या जमिनीवर टिकणाऱ्या जाती म्हणूनच मोजक्या. पण ज्या टिकल्या त्या कुठे कुठे पोचल्या पाहा. हायमी उत्तर ध्रुवाकडच्या किनाऱ्यांवर आहे, समुद्रापासून लांब जर्मनीतल्या खाऱ्या झऱ्यांपाशी आहे, आणि थेट अंटार्क्टिकाच्या व्हिक्टोरिया लँडमध्येही. टेरिगोन्यूरम कोझलोव्ही युक्रेनमध्ये सापडते, तशी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या खाऱ्या तळ्यांकाठीही. तिथे 2004 मध्ये तिला धोक्यातली ठरवलं गेलं.

आता तक्रार. दुसऱ्या वसंतात बिजागरीचा खिळा गंजला आणि 20 पटीची बाजू अडकून बसली. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. तेलाचा थेंब देऊन सुटली एकदाची. तेव्हापासून प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवते. काचांवर मात्र एक ओरखडा नाही.

टेबलावर 20 पटीची बाजू बरी चालते. पुडीतला सुकलेला नमुना ओला केला की आवळलेली पानं बघता बघता उलगडतात, आणि खिडकीच्या उजेडात टोकाकडचे बारीक दाते मोजता येतात. घेताना एवढंच विचारा, बिजागरीचा खिळा न गंजणारा आहे का.