घाण्याचं तेल मस्त पण करडई बघून घ्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडी घाणा सुरू झालाय, पुण्यातच, नाव मुद्दाम देत नाही कारण थोडी तक्रार पण आहे. तीन महिन्यांत शेंगदाणा, खोबरेल, करडई सगळं आणून झालं. शेंगदाणा तेल एक नंबर, फोडणी दिली की दाण्याचा वास पार जिन्यापर्यंत, तळाला गाळ बसतो पण घाण्याच्या तेलाला तो बसायचाच.

खोबरेलाची मजा ऐका. डिसेंबरात एक काका गोठलेली बाटली घेऊन भांडत होते की यात मेण मिसळलंय, ते शेंगदाणा तेल बघा कसं पातळ आहे. अहो काका, खोबरेल २४ डिग्रीच्या खाली गोठतंच! त्यात ९० टक्क्यांच्या आसपास सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे कार्बनच्या साखळीत जिथे जागा तिथे हायड्रोजन बसलेला, साखळ्या सरळसोट, काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना लागून बसतात. अनसॅच्युरेटेडमध्ये दोन कार्बनमध्ये डबल बॉन्ड, तिथे साखळीला बाक येतो, मग रचायला गेलं तरी नीट रचत नाहीत आणि तेल पातळच राहतं. एका बाकाने फरक किती पडावा, स्टिअरिक (सॅच्युरेटेड) आणि ओलिक (एक डबल बॉन्डवालं) ही तेला-तुपातली फॅटी अ‍ॅसिडं, दोन्हीत कार्बन १८च, पण पहिलं वितळायला ६९ डिग्री लागतात, दुसऱ्याला १३-१४ पुरतात. दुकानदार मात्र नुसतं 'शुद्ध आहे हो' करत बसला.

आता करडई. आपल्या नेहमीच्या करडईत दोन डबल बॉन्डवालं लिनोलिक अ‍ॅसिड सगळ्यात जास्त, आणि हवा-उजेड लागला की ऑक्सिजन नेमका त्या बॉन्डच्या शेजारी घुसतो आणि तेल खवट होतं. असं असताना हा पठ्ठ्या पारदर्शक बाटल्या दारात उन्हात मांडून ठेवतो! माझी बाटली खवट निघाली, जुन्या दाण्याच्या कुटासारखा वास, चटणीवर घातलं तर चटणीच टाकावी लागली. परत नेली तर म्हणे 'नैसर्गिक वास आहे'. बरीच हुज्जत घातल्यावर आतल्या स्टीलच्या पिंपातून भरून दिली, ती ताजी होती.

आणि लेबलवर मोठ्या अक्षरात 'कोलेस्ट्रॉल फ्री'. अरे बाबा, बियांच्या तेलात ते मोजण्याइतकं असतं कधी?

शेंगदाण्याला पाचपैकी साडेचार. करडई हवी असेल तर घरून स्टीलची बरणी न्या आणि पिंपातूनच भरून मागा, दारातली बाटली अजिबात घेऊ नका.