.४४ मॅग्नमसाठी प्रेस: सिंगल-स्टेज की प्रोग्रेसिव्ह?

वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून .४४ मॅग्नम ही रिव्हॉल्व्हरची ताकदवान काडतुसं बनवायची, तर प्रेस (भरायचं यंत्र) कोणता घ्यावा? वेगाचा मुद्दा आधी मिटवून टाकू. प्रोग्रेसिव्हवर सगळ्या पायऱ्या एकाच वेळी वेगवेगळ्या पुंगळ्यांवर होतात, त्यामुळे दांडा ओढावा तेवढी काडतुसं तयार. सिंगल-स्टेजवर प्रत्येक पुंगळी सायझिंग (दाबून मूळ मापात आणणं), तोंड फाकवणं, पावडर, गोळी असं करत पुन्हा पुन्हा हातात घ्यावी लागते. ९ एमएम किंवा .४५ एसीपी ही पिस्तुलाची काडतुसं पोत्याने भरणाऱ्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

.४४ मॅग्नमचं गणित जरा वेगळं आहे, निदान माझ्यापुरतं तरी. कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल: सांडणारी पावडर. पूर्ण ताकदीच्या लोडला (भरलेल्या काडतुसाला) सहसा संथ जळणारी, गोल दाण्यांची बॉल पावडर वापरतात आणि ती पुंगळीत बरीच वर येते. माझ्या प्रोग्रेसिव्हची शेलप्लेट, म्हणजे पुंगळ्या धरून पुढच्या पायरीवर नेणारी चकती, आपोआप फिरायची आणि थांबताना झटका द्यायची. दर झटक्याला चार दाणे बाहेर. मोहरीहूनही बारीक हे दाणे प्लेटखाली शिरतात, प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी टिकली) बसवायच्या जागी साचतात, आणि मग प्रायमर केसभर वर राहतो. रिव्हॉल्व्हरला तेवढं पुरतं. सिलिंडर फिरताना मागे घासतो, कधी अडकूनच बसतो. दांडा हळू चालवून पाहिला. फरक पडला, पण हळूच चालवायचं तर प्रोग्रेसिव्ह कशाला घ्यायचा?

सिंगल-स्टेजवर पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या असतात. वरून टॉर्च मारला की सगळ्यांची पातळी एका नजरेत कळते. हलक्या लोडला तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण एवढ्या मोठ्या पुंगळीत जलद पावडरचा दुप्पट चार्जही (चुकून दोनदा पडलेली पावडर) सहज मावतो आणि बाहेर काहीच सांडत नाही. प्रोग्रेसिव्हवर पातळी तपासणारी पावडर-चेक डाय लावता येते, एक स्टेशन (चकतीवरच्या पायरीची जागा) मोकळं असेल तर.

क्रिम्पचंही तसंच. जड गोळी धक्क्याने पुढे सरकू नये म्हणून घट्ट रोल क्रिम्प हवा, म्हणजे पुंगळीची कड गोळीवर आत वळवून दाबलेली हवी. प्रोग्रेसिव्हच्या दांड्यावर सगळ्या स्टेशनांचा जोर एकत्र जाणवतो. एखादी पुंगळी आखूड आहे आणि तिचा क्रिम्प सैल बसला हे हाताला कळत नाही. सिंगल-स्टेजवर बऱ्याचदा कळतं.

महिन्याला दोनेकशे मॅग्नम भरणाऱ्याला मी सिंगल-स्टेजच सुचवेन. त्याहून बरंच जास्त लागत असेल, तर शेलप्लेट हाताने फिरवायचा प्रोग्रेसिव्ह बघा. झटका आपल्या हातात राहतो.