‘डिक्लेरेशनचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा

माल परदेशी पाठवून देतो म्हणणाऱ्या एका एजंटने मला कसं फसवलं, हे लिहायला मी चार महिने टाळाटाळ केली. पण गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्याच सुभाषनगरमधल्या एका कारागिराला मला आला होता अगदी तशाच पद्धतीचा फोन आल्याचं कळलं, आणि आता गप्प बसणं बरोबर नाही असं वाटलं.

आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपलांचा धंदा आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल झळकली आणि आमच्यासारख्या छोट्या लोकांनाही परदेशातून चौकशा यायला लागल्या. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या एका दुकानदार बाईंनी सहाशे जोड मागवले. नाताळाआधी पोचायला हवे होते. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड, काढलेला होता, पण बोटीने माल पाठवायची ही पहिलीच वेळ. कंटेनरभर माल नव्हता, म्हणून एलसीएल, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून पाठवायचं ठरलं.

एका प्रदर्शनात ओळखीच्या माणसाने वाशीतला एजंट गाठून दिला. गोड बोलणारा, दर पाच मिनिटांनी ‘दादा’ म्हणणारा. “दादा, पॅकिंग तुमचं, बाकी सगळं आमचं. डिक्लेरेशन इथलं असो की युरोपातलं, जबाबदारी माझी.” भाडं, क्लिअरन्स आणि ‘ईएनएस फायलिंग’ मिळून ८६,००० रुपये आगाऊ घेतले. वर लेटरहेडवर सही-शिक्का मारलेले पाच कोरे कागदही मागितले. मी दिले. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

ईएनएस म्हणजे काय हे तेव्हा मला धड माहीत नव्हतं. युरोपीय संघात जाणाऱ्या मालाची माहिती तिथल्या कस्टम्सला आधीच कळवावी लागते, तेच ईएनएस. कंटेनर असेल तर बोटीवर चढवण्याच्या किमान २४ तास आधी. २०२४ पासून समुद्रमार्गे जाणारा मालही त्यांच्या नव्या यंत्रणेत आला. त्यात सहा आकडी एचएस कोड (माल कोणत्या प्रकारचा हे सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक), मालाचं नेमकं वर्णन, विकणारा कोण, घेणारा कोण हे सगळं लागतं. ‘जनरल गुड्स’ असलं मोघम काही चालत नाही. हे फाइल करायची जबाबदारी मुळात जहाज कंपनीची. एलसीएलमध्ये प्रत्येकाच्या मालाची वेगळी माहिती कन्सॉलिडेटरने, म्हणजे अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरणाऱ्या कंपनीने, एकतर स्वतः भरायची, नाहीतर जहाज कंपनीला द्यायची. निर्यातदार ते फाइल करत नाही, पण त्याने दिलेली माहिती खरी आणि पुरी असावी लागते. एवढं मला आधी ठाऊक असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

तीस खोकी गेली. आठ दिवसांनी एमआरएन नंबरचा (फायलिंगची नोंद झाली की कस्टम्सकडून मिळणारा क्रमांक) फोटो आला, “दादा, युरोपचं फायलिंग झालं.” त्यानंतर दहाव्या दिवशी रात्री साडेनऊला फोन. आवाज एकदम बदललेला. “तुमचा एचएस कोड चुकला. युरोपच्या कस्टम्सने माल अडवलाय. २,२०० युरो दंड, ४८ तासांत भरला नाही तर माल नष्ट करतील.” पाठोपाठ निळ्या झेंड्यावरच्या पिवळ्या चांदण्यांची एक नोटीस. मी आणि तात्या (माझे चुलते, सगळे जोड त्यांच्या देखरेखीखाली शिवलेले) रात्रभर जागे. सकाळी निम्मी रक्कम, १,१०,००० रुपये, त्याने दिलेल्या खात्यावर भरली. खातं फर्मचं नव्हतं, एका बाईच्या नावाचं बचत खातं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

उरलेल्या पैशांसाठी त्याचा तगादा सुरू झाला तेव्हा मी उत्रेख्तच्या बाईंना सगळं कळवलं. त्यांच्या रॉटरडॅमच्या कस्टम्स एजंटने एका ओळीत उत्तर दिलं: हा एमआरएन असूच शकत नाही. खरा एमआरएन अठरा अक्षर-आकड्यांचा असतो. आधी वर्षाचे दोन आकडे, मग देशाची दोन अक्षरं. माझ्याकडचा चौदाचा होता आणि ‘आयएन’ने सुरू होत होता. कोडसुद्धा बरोबरच होता. ६४०३ २० या कोडची व्याख्याच चामड्याचा तळ, पायावरून आणि अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे अशी आहे. आमच्या चपलेचं याहून नेमकं वर्णन दुसरं नाही.

मग भाच्याने आइसगेटवर, म्हणजे आपल्या कस्टम्सच्या वेबसाइटवर, शिपिंग बिलाचा (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा अर्ज) नंबर टाकून पाहिला. बिल भरलेलं होतं, पण एलईओ, म्हणजे माल निर्यात करण्याची कस्टम्सची परवानगी, मिळालेलीच नव्हती. एलईओशिवाय माल बोटीवर चढत नाही. ज्या मालाला युरोपात दंड झाला म्हणून मी पैसे भरले, तो उरण तालुक्यातल्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनरच्या मालाच्या गोदामात, पडून होता. एजंटने कन्सॉलिडेटरला भाडंच दिलं नव्हतं.

मी आणि तात्या तिथे गेलो. पहिलं खोकं उघडलं तेव्हा कुबट वास आला. बाभळीच्या सालीत पकवलेलं कातडं, त्यात तिथली दमट हवा. पट्ट्यांवर, कानांवर, वेणीच्या फटीफटीत पांढरट-हिरवी बुरशी. तात्यांनी एक चप्पल उचलली, धोतराच्या सोग्याने वेणी पुसली, परत खोक्यात ठेवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. सहाशेतले एकशे चाळीस जोड वाया गेले. सीएफएसचं भाडं वेगळं भरलं. नाताळ हुकला.

आता कायद्याचं. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम ५० प्रमाणे शिपिंग बिलातला मजकूर खरा असल्याची ग्वाही निर्यातदार देतो. कलम १४७ प्रमाणे एजंटने केलेलं काम, उलट सिद्ध होईपर्यंत, मालकाच्या माहितीने आणि संमतीने झालं असंच धरलं जातं. जाणूनबुजून खोटं डिक्लेरेशन केलं तर कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या कोऱ्या कागदांवर आणि आयईसीवर त्याने भलताच माल पाठवला असता तर? “जबाबदारी माझी” हे शब्द तिथे काही कामाचे नाहीत. शिवाय तो परवानाधारक कस्टम्स ब्रोकर, म्हणजे कस्टम्सची कागदपत्रं करून देणारा अधिकृत दलाल, नव्हताच. दुसऱ्याच्या परवान्यावर काम करत होता, हे मला पोलिसांत गेल्यावर समजलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी दोन दिवस उशिरा फोन केला. तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते, फक्त १४,००० रुपये गोठवता आले. पैसे गेल्याचं कळेल त्याच मिनिटाला फोन करा, घरच्यांना सांगायला लाज वाटत असली तरी. माझे ते दोन दिवस लाजेतच गेले.

आता मी ब्रोकरचा परवाना क्रमांक आधी तपासतो, शिपिंग बिलाची चेकलिस्ट (भरण्याआधीचा मसुदा) स्वतः वाचल्याशिवाय होकार देत नाही, ईएनएस नेमकं कोण भरणार हे ईमेलवर लिहून घेतो आणि एमआरएन आला की आधी घेणाऱ्याच्या एजंटकडे पाठवतो. अमेरिकेला पाठवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की तिथलं आयएसएफ, म्हणजे बोटीने येणाऱ्या मालाची तिथल्या कस्टम्सला द्यायची आगाऊ माहिती, ही आयातदाराची जबाबदारी आहे. त्याच्या नावाने कोणी तुमच्याकडे दंड मागितला तर आधी थेट आयातदाराला विचारा.

सुभाषनगरच्या त्या कारागिराला आलेला फोन वेगळ्या फर्मच्या नावाने होता, पण लेटरहेडवर सही केलेले पाच कोरे कागद त्यांच्याकडेही मागितलेत. त्यांनी अजून दिलेले नाहीत. परवा मी आणि तात्या त्यांच्या घरी जाऊन ती नोटीस आणि तो चौदा अक्षरांचा नंबर दाखवून आलो.