तीन मॉनिटर, एक प्रोफाइल आणि साडेचार हजार रुपये

जळगावात गेली चौदा वर्षे मी लग्नाचे अल्बम आणि सराफांचे कॅटलॉग तयार करून देतो. ज्या रंगावर माझे पोट चालते, त्याच रंगाच्या बाबतीत मी मागच्या लग्नसराईत फसलो. हे लिहिताना थोडी लाज वाटते, पण खान्देशात फोटो आणि छपाईच्या धंद्यातली बरीच मंडळी सध्या दोन-दोन, तीन-तीन मॉनिटर लावून काम करतात आणि मॉनिटरचे रंग जुळवून देतो म्हणत मला फसवणारा तो माणूस अजून फिरतो आहे, म्हणून लिहितो.

माझ्या टेबलावरचा मधला मॉनिटर महाग आहे आणि ॲडोबी आरजीबी या रंगांच्या मोठ्या पल्ल्यातले जवळजवळ सगळे रंग दाखवतो. उजवीकडचा साधा, एसआरजीबी या नेहमीच्या लहान पल्ल्यापुरता. डावीकडचा जुना, त्यावर फक्त फोल्डर आणि व्हॉट्सॲप उघडे असते. एकच फोटो तिन्हींवर तीन तऱ्हांचा दिसे. मधल्यावरचा लालभडक शालू उजवीकडे सरकवला की विटकरी व्हायचा. एका परिचिताने नंबर दिला आणि स्वतःला कलर कॅलिब्रेशनचा, म्हणजे मॉनिटरचे रंग मोजून बरोबर करण्याचा, तज्ज्ञ म्हणवणारे हे गृहस्थ एप्रिलच्या एका दुपारी, बाहेर रस्ता तापलेला असताना, काळी बॅग घेऊन आले. तिन्ही मॉनिटरचे मिळून साडेचार हजार ठरले.

त्यांनी मधल्या मॉनिटरवर रंग मोजणारा, उंदराएवढा एक सेन्सर वायरने लटकवला आणि वायरचे टोक त्याच मॉनिटरच्या बाजूला असलेल्या यूएसबीच्या खाचेत खोचले. पडद्यावर लाल, हिरवे, निळे, करडे चौकोन येत-जात राहिले. मग सेन्सर उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडचा मॉनिटर तर त्यांनी आल्यावरच चालू केला होता. सगळे काम पाऊण चहात आटोपले, म्हणजे फार तर पंधरा मिनिटांत. शेवटी त्यांनी तिन्ही पडद्यांवर एक करडे चित्र उघडले आणि "बघा भाऊ, आता तिघे सख्खे भाऊ झाले," असे म्हणून लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र हातात ठेवले. त्यावर तिन्ही मॉनिटरसमोर डेल्टा ई, म्हणजे अपेक्षित रंग आणि पडद्यावरचा रंग यांतले अंतर, ०.८ असा आकडा होता. रोख दिलेत तर जीएसटी लागणार नाही, असे ते म्हणाले. मी रोख दिले आणि पावती मागितली नाही. हा मूर्खपणा संपूर्ण माझा.

दुपारी खिडकीचा उजेड मधल्या मॉनिटरवर पडतो, त्यामुळे त्या वेळी मी फोटोशॉप उजवीकडच्या मॉनिटरवर घेतो. त्या दिवसांत तिथे प्रत्येक फोटो मरगळलेला दिसू लागला. मला वाटले, कॅलिब्रेशननंतरचा खरा रंग हाच असणार, आपलेच डोळे भडक रंगांना सोकावलेले. म्हणून मी हळदीच्या फोटोंचा रंग वाढवला, आणखी वाढवला. अल्बम छापून आला तेव्हा नवरीचे हात हळदीने नव्हे, तर शेंदराने माखल्यासारखे दिसत होते आणि वऱ्हाडातल्या सगळ्यांचे चेहरे भाजून निघाले होते. त्याच आठवड्यात एका सराफांचा कॅटलॉग छापून आला. शेठ चष्मा कपाळावर सरकवून पान उजेडाकडे धरत म्हणाले, "भाऊ, आमचं सोनं बावीस कॅरेटचं आहे, हे तांबं कोणाचं छापलं?"

मी आधी छापखान्यावर संशय घेतला, हे कबूल करतो. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा सुटीत आला होता. त्याने विंडोजचे कलर मॅनेजमेंट उघडले. तिथे वरच्या यादीतून एकेक मॉनिटर निवडता येतो आणि खाली त्याला जोडलेली प्रोफाइल दिसते; एका रकान्यात फाइलचे नाव आणि दुसऱ्यात त्या फाइलच्या पोटात लिहिलेले नाव. फाइलींची नावे तीन होती, डावा, मधला आणि उजवा अशी. पोटातले नाव मात्र तिन्हींचे एकच होते आणि ते माझ्या टेबलावर कधीही नसलेल्या, भलत्याच कंपनीच्या एका महागड्या मॉनिटरचे होते. सी ड्राइव्हमधल्या विंडोज, सिस्टम३२, स्पूल, ड्रायव्हर्स, कलर या वाटेने गेले की प्रोफाइलच्या फाइली सापडतात. त्याने तिथल्या त्या तीन फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर एका बाइटचाही फरक नाही.

प्रोफाइल हा एका मॉनिटरच्या वागण्याचा मोजून लिहिलेला पंचनामा असतो. १९९३ साली ॲडोबी, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, कोडॅक वगैरे आठ कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम उभे केले, ते हा पंचनामा प्रत्येक सॉफ्टवेअरला एकाच पद्धतीने वाचता यावा म्हणून. फोटोशॉप तो वाचते आणि त्यावर विश्वास ठेवते. माझ्या उजवीकडच्या साध्या मॉनिटरचा पंचनामा सांगत होता की हा पडदा फार भडक रंग दाखवतो. म्हणून फोटोशॉप रंगांचे आकडे इमानाने कमी करून पाठवत होते, आणि मुळातच भडक नसलेला तो पडदा ते फिके दाखवत होता. मी मात्र त्या फिकेपणाची भरपाई फोटोत करत बसलो.

शेठना हे समजावून सांगितले तेव्हा ते हसले. हॉलमार्क केलेल्या प्रत्येक दागिन्याला सहा अंक-अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक असतो, एकाचा क्रमांक दुसऱ्यावर चालत नाही. मग तीन वेगळ्या पडद्यांवर एकच आकडा वाचून तुम्ही गप्प कसे बसलात, असे त्यांनी विचारले. वेगळ्या बनावटीच्या आणि वेगळ्या वयाच्या तीन पडद्यांवर ते अंतर दशांशापर्यंत सारखेच येणे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

यूएसबीचा उलगडा सर्वांत शेवटी झाला. माझ्या मॉनिटरच्या बाजूची यूएसबीची खाच चालायची असेल, तर मॉनिटरपासून संगणकापर्यंत एक वेगळी केबल जोडावी लागते. माझी ती केबल मॉनिटर आणल्यापासून खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, तारेच्या पिळासकट तशीच पडून आहे. म्हणजे तो सेन्सर संगणकाशी जोडलेलाच नव्हता.

पुढे भुसावळच्या एका मित्राचा सेन्सर आणून डिस्प्लेकॅल या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने मी स्वतः काम केले. रंग स्थिरावेपर्यंत मॉनिटर अर्धा तास तापू दिले, खिडकीचा पडदा ओढला, मॉनिटरचा उजेड दर चौरस मीटरला १०० कॅन्डेलाच्या आसपास आणला आणि सेन्सरची वायर थेट संगणकाला लावली. सबंध दुपार गेली. तीन प्रोफाइल झाल्या, तिन्हींच्या पोटात ज्याच्या-त्याच्या मॉडेलचे नाव. जुना मॉनिटर मधल्याशी काही जुळला नाही आणि जुळणारही नाही, कारण जो रंग पडद्याला दाखवताच येत नाही तो प्रोफाइल कुठून आणणार? त्याच्यावर व्हॉट्सॲपच ठीक आहे.

त्या गृहस्थांना फोन केला, तेव्हा त्यांनी दोष छापखान्यावर ढकलला. दुसऱ्यांदा उचललाच नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक मला ठाऊक होता, पण हातात ना पावती, ना बँकेतली नोंद, दाखवायला फक्त ते लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र. अल्बम आणि कॅटलॉग दोन्ही माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिले.

गेल्या आठवड्यात अमळनेरच्या एका फोटोग्राफरने मला त्याच्या दोन मॉनिटरच्या कॅलिब्रेशनच्या प्रमाणपत्राचा फोटो पाठवला आणि काम नीट झाले आहे का, असे विचारले. दोन्ही मॉनिटरसमोर ०.८ होते.