डिगॉक्सिन की मेटोप्रोलॉल : दोन्ही घेऊन पाहिलेल्याचा कौल

एएफचं (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार) निदान झालं, रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली, आता धावणारी पल्स आवरायला काय घ्यायचं, इथे ज्यांचं घोडं अडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, नौपाड्यातला एक निवृत्त बँकवाला. डिगॉक्सिन चौदा महिने घेतली. मेटोप्रोलॉलचं तिसरं वर्ष चालू आहे. ठोके पुन्हा तालात आणण्याचं काम दोन्हींचं नाही, वेग तेवढा खाली ठेवतात.

डिगॉक्सिनला जुनाट म्हणून मोडीत काढू नये. बर्मिंगहॅमच्या विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ साली फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांचे अनुभव छापले, तेव्हापासूनचं हे घराणं. गोळी स्वस्त, आणि बीपी पाडत नाही. माझं वरचं बीपी तेव्हा शंभराच्या आसपास घुटमळत होतं, म्हणूनच ती मिळाली. थकवा अजिबात नाही. बसल्या जागी पल्स ७५. ठाणे स्टेशनचा पूल चढलो की मात्र १३५. डॉक्टर म्हणाले, ही गोळी व्हेगस नर्व्हमार्फत (हृदयाचा वेग कमी करणारी नस) लगाम ओढते. श्रम झाले की अ‍ॅड्रिनालिन तो सोडवून घेतं.

तेही चालवून घेतलं असतं. वैतागलो ते पोटापायी.

डिगॉक्सिन अंगात जास्त झाली की सुरुवातीलाच मळमळतं, जेवणावरची वासना उडते. पिवळं दिसणं, ठोके भलतेच बिघडणं हा पुढचा भाग. गोळी बाहेर पडते मुख्यतः किडनीवाटे. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी आटलं, पोटॅशियम घसरलं, की कालपर्यंत सोसणारा डोस आज जड जातो. म्हणजे पोट बिघडल्यामुळे गोळी चढली की गोळी चढल्यामुळे पोट बिघडलं, हे घरी बसून कळायला मार्ग नाही. त्यात आपल्याकडचा पावसाळा!

जुलैत मिसळ खाल्ली, रात्री दोन उलट्या. एरवी लिंबू-साखर-मीठ पाणी पिऊन झोपलो असतो. पण घरात दिवे लागले, मुलाचा वाशीहून फोन, आणि सकाळी आठला मी लॅबमध्ये. रक्त घेणारी मुलगी विचारते, "काका, गोळी कधी घेतलीत?" म्हटलं, साडेसहाला, रोजच्यासारखी. "मग दुपारी या. सहा तास तरी जाऊ द्यावे लागतात." भर पावसात परत घरी, दुपारी परत लॅब. रक्तातली डिगॉक्सिनची लेव्हल ०.८, म्हणजे ठीकच. त्या पावसाळ्यात हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर मी नुसतं "आज भूक नाही" म्हणालो होतो!

दरम्यान दुसरी एक गोळी बंद झाल्याने बीपी सावरलं होतं. मी विषय काढला आणि डॉक्टरांनी मेटोप्रोलॉलवर आणलं. पहिले तीन आठवडे पाय वाळूच्या पोत्यासारखे जड, आणि ठाण्याच्या उकाड्यात हात गार. मग बसलं सगळं. आता त्याच पुलावर पल्स १०५ च्या पुढे जात नाही, आणि पोट बिघडलं तर ते पोटच असतं. दमेकऱ्यांना ही सहसा देत नाहीत, आणि मनाने एकदम बंद केली तर पल्स उसळते, एवढं सांभाळायचं.

माझ्या मताच्या उलट जाणारी गोष्टही सांगायला हवी. २०२० साली ब्रिटनमधल्या एका चाचणीत कायमचं एएफ असलेल्या साठीपुढच्या १६० जणांवर डिगॉक्सिन आणि मेटोप्रोलॉलची बहीण बिसोप्रोलॉल ताडून पाहिली. सहा महिन्यांनी जगण्याच्या दर्जात म्हणावा असा फरक नव्हता, आणि त्रासाच्या तक्रारी डिगॉक्सिनवाल्यांच्याच कमी निघाल्या. तेव्हा माझा कौल माझ्या पोटाचा आहे असं समजा. तरीही बीपी बरं असेल, दमा नसेल आणि रोज जिने चढायचे असतील, तर मी डॉक्टरांपुढे आधी मेटोप्रोलॉलचं नाव काढीन.

शेजारचे काका ऐंशीच्या पुढचे, बीपी कायम खाली, फिरणं गॅलरीपर्यंत. त्यांना डिगॉक्सिन छान मानवली आहे. अर्धी गोळी, आठवड्यातले पाच दिवस. गोळ्यांच्या डबीतले शनिवार-रविवारचे कप्पे रिकामे दिसले की गोळी राहिली म्हणून ते घाबरायचे, म्हणून काकू त्यात खडीसाखर ठेवतात.